अपस्केल नंतर, आधी कॅप्चर: जुने सिनेमे आणि सिरीयल वाचवायला शिकताना

जुने सिनेमे, जुन्या सिरीयल घरच्या घरी रिस्टोर करायच्या म्हटलं की नवीन माणूस सगळ्यात आधी विचारतो, सॉफ्टवेअर कुठलं वापरू. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून काढते. बरीच वर्षं हे करतेय, व्हीएचएस कॅसेट, लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकड्या), डीव्हीडी, कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवलेलं, असं सगळं हाताखालून गेलंय, आणि माझं मत ठाम आहे की सॉफ्टवेअरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी आपल्या हातात जे आहे ते कुठून आणि कशाकशातून होऊन इथपर्यंत आलंय ते ओळखता आलं पाहिजे. ते जमलं की पुढचं शिकता येतं, ते न कळता सुरू केलं तर कितीही भारी ग्राफिक्स कार्ड असू दे, चुकीच्याच चित्रावर मेहनत जाते.

हौशी लोकांच्या कामाला काय किंमत असं वाटत असेल तर आधी दोन-तीन उदाहरणं सांगते. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकात ढीगभर कार्यक्रम पुसून टाकले, कारण व्हिडिओटेप महाग होती आणि तीच परत वापरायची पद्धत होती. त्यात ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश सिरीयलचे कितीतरी एपिसोड गेले, पण गेलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आज शिल्लक आहे, कारण त्या वेळी प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो रेकॉर्ड केला होता. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी २०१२ मध्ये जाईपर्यंत तीसहून जास्त वर्षं टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड केल्या, कॅसेटचा आकडा ७०,००० च्या आसपास, आणि तो सगळा साठा नंतर इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाकडे गेला. आणि ‘स्टार वॉर्स’चं तर सगळ्यांना माहीत असेल, १९७७ चा सिनेमा १९९७ मध्ये बदलून आणला आणि पुढे घरी बघायला बदललेलंच रूप मिळत राहिलं, २००६ मध्ये डीव्हीडीवर मूळ रूप दिलं खरं पण ते १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून, म्हणून शेवटी चाहत्यांनीच जुन्या ३५ एमएम प्रिंट मिळवून, स्कॅन करून, फ्रेम फ्रेम साफ करून ‘४के७७’ केलं. यातल्या कुणीही सुरुवात सॉफ्टवेअरपासून केली नाही, आधी मूळ वस्तू सांभाळली.

आता घाई कशाची ते. टेप खराब होते, पण त्याहून वेगानं ती वाचणारी मशीन संपतायत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आज जे चालू मशीन आहे ते जुनंच आहे, त्याचं टेप वाचणारं हेड झिजतंय, रबराचे भाग कडक होतायत. म्हणून माझा नियम सरळ आहे, रिस्टोरेशन दहा वर्षांनी केलं तरी चालेल, कॅप्चर, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवून घेणं, आत्ता करायचं.

कॅप्चर करण्याआधी कॅसेट हातात घेऊन बघा. खिडकीतून रीळ दिसतं, त्याच्या कडेवर पांढरी पावडर किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, अशी टेप चांगल्या मशीनमध्ये अजिबात घालायची नाही, कारण ती हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी वेगळ्यानं साफ करायची, तोंडाला मास्क लावून. बाकी टेप असतील तर रेकॉर्डिंगचा टॅब तोडून टाका म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही, थंड जागेतून आणली असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि वर्षानुवर्षं पडून असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, मग प्ले करा.

मशीन शक्य असेल तर एस-व्हीएचएसचं (व्हीएचएसचं सुधारलेलं रूप) घ्या, साध्या व्हीएचएस टेपसाठी सुद्धा. कारण टेपवर ब्राइटनेस आणि रंग वेगवेगळे साठवलेले असतात आणि एस-व्हिडिओ वायरीतून ते वेगळेच बाहेर येतात, पिवळ्या कॉम्पोझिट वायरीत मात्र एकत्र होतात आणि पुढे कॅप्चर डिव्हाइसनं ते परत वेगळे करायचे, त्यात कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात ते कायमचे चिकटतात.

मग टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, पैसे किंवा वेळ कुठे घालवायचा असेल तर इथे. टेप यांत्रिकपणे फिरते, तिचा वेग बारीक बारीक कमीजास्त होत असतो, त्यामुळे चित्रातली प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते आणि उभ्या रेषा, दाराची चौकट, खांब, सगळं थरथरतं. ओळींचा टीबीसी ही सुरुवात सारखी करून देतो. फ्रेमवाला टीबीसी वेगळं काम करतो, तो पूर्ण फ्रेम धरून ठेवून स्थिर सिग्नल पुढे पाठवतो म्हणजे कॅप्चर करताना फ्रेम गळत नाहीत आणि आवाज चित्राच्या पुढेमागे जात नाही. काही एस-व्हीएचएस मशीनमध्ये ओळींचा टीबीसी आतच असतो. कॅप्चर झाल्यावर थरथर काढणारं सॉफ्टवेअर शोधत बसणाऱ्यांना एवढंच सांगते की साध्या कॅप्चरमध्ये ओळ नक्की कुठे सुरू झाली ही माहितीच फाइलमध्ये उरत नाही, मग सॉफ्टवेअर सुधारणार कशावरून.

कॅप्चरची फाइल लॉसलेस हवी, म्हणजे साठवताना चित्रातलं काहीही गमवायला नको. कोडेक, म्हणजे व्हिडिओ साठवायची पद्धत, हफवाययूव्ही, लॅगारिथ किंवा एफएफव्ही१, रंग ४:२:२ (रंगाची माहिती आडवी निम्मी), साइझ पालसाठी (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) ७२०×५७६ आणि एनटीएससीसाठी (अमेरिका-जपानमधली) ७२०×४८०, आवाज ४८ किलोहर्ट्झ. तासाला २५ ते ४० जीबी जागा धरून चाला. मी स्वतः ठेवायला एफएफव्ही१ वापरते कारण ते खुलं आहे, २०२१ मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन रीतसर प्रसिद्ध झालंय आणि जगभरातली अर्काइव्ह ते वापरतात. कॅप्चर करताना डीइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण फ्रेम बनवणं) करू नका, नॉइज काढू नका, शार्प करू नका, खालच्या कडेला हेड बदलताना जी वळवळणारी पट्टी येते ती पण कापू नका, सगळं जसंच्या तसं येऊ द्या. फक्त एक गोष्ट आधी बघायची, लेव्हल. हिस्टोग्राम (चित्राचा किती भाग किती उजळ ते दाखवणारा आलेख) लावून पांढरा आणि काळा कापला जात नाहीये ना ते बघा, कारण एकदा पांढऱ्या शर्टाच्या घड्या कॅप्चरमध्ये गेल्या की गेल्या.

हल्ली अजून एक रस्ता निघालाय आणि मला तो फार आवडतो. व्हीएचएस-डिकोड म्हणून प्रोजेक्ट आहे, लेझरडिस्कसाठीच्या एलडी-डिकोडमधून निघालेला. त्यात व्हीसीआरच्या हेडवरून येणारा कच्चा एफएम सिग्नलच थेट रेकॉर्ड करतात, मशीनच्या आतल्या सर्किटनं त्याला हात लावायच्या आधी, आणि चित्र बनवणं, टीबीसी वगैरे सगळं नंतर कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे उद्या डिकोडर सुधारला तर टेप परत न चालवता त्याच फाइलमधून जास्त चांगलं चित्र काढता येतं. मशीन उघडून वायर जोडावी लागते, त्यामुळे पहिल्याच महिन्यात यात उडी मारा असं नाही म्हणणार, पण दुसरीकडे कुठेच नसलेलं काही हाती लागलं तर ते असंच कॅप्चर झालं पाहिजे.

आता ओळखण्याचा भाग, नवीन लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड, एनटीएससीत ५९.९४. प्रश्न असा की त्या दोन फील्ड एकाच क्षणाच्या आहेत का वेगळ्या. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलेली सिरीयल असेल तर प्रत्येक फील्ड नवीन क्षण असतो. सिनेमा असेल तर मूळ २४ फ्रेम, मग पालमध्ये तो २५ नं पळवतात, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज थोडे बारीक होतात, आणि एनटीएससीत एक फ्रेम तीन फील्ड, पुढची दोन, परत तीन असं भरून काढतात. ओळखायचं कसं, तर अ‍ॅव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथमध्ये (दोन्ही स्क्रिप्ट लिहून व्हिडिओवर काम करायची सॉफ्टवेअर) फील्ड सुट्या करा, कॅमेरा आडवा फिरतोय असा शॉट घ्या आणि एक एक फील्ड पुढे जा. दर फील्डला चित्र हललं तर व्हिडिओ. दोन-दोननं हललं तर पालमधला सिनेमा. तीन-दोन-तीन-दोन असं हललं तर एनटीएससीचा टेलिसिने, म्हणजे असा भरून काढलेला सिनेमा. आणि फील्डमध्ये दोन चित्रं एकमेकांवर पुसट दिसली तर ते कुठेतरी पालचं एनटीएससी किंवा उलट करून आलंय, तेव्हा आधी दुसरी कॉपी मिळते का ते बघा कारण यातून मूळ फ्रेम पूर्ण सुट्या करणं फार अवघड.

हे कळलं की उपाय आपोआप ठरतो. व्हिडिओ असेल तर क्यूटीजीएमसी या स्क्रिप्टनं डीइंटरलेस करा आणि सेकंदाला ५० किंवा ५९.९४ फ्रेम ठेवा, २५ करून अर्धी हालचाल फेकू नका, जुन्या स्टुडिओ सिरीयलचा तो सळसळता जिवंतपणा त्या फ्रेममध्येच आहे. सिनेमा असेल तर डीइंटरलेसरला हात लावायचा नाही, पालमध्ये फील्ड जुळवून वेग परत २४ वर आणायचा आणि आवाज पण त्याच हिशोबात, एनटीएससीत उलटा टेलिसिने करून २३.९७६. सिनेमाला सरसकट डीइंटरलेस लावलेल्या फाइल मला सतत दिसतात आणि वाईट वाटतं, कारण पूर्ण फ्रेम तिथे होती, ती मोडून अंदाजानं परत बनवली.

साफसफाई हलक्या हातानं. व्हीएचएसमध्ये ब्राइटनेसचं आडवं रेझोल्यूशन जेमतेम २४० ओळी, रंगाचं त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे रंग कडेबाहेर सांडलेला असणारच, आणि कॉपीची कॉपी असेल तर रंग खाली-उजवीकडे सरकलेला पण असतो, तो परत जागेवर आणता येतो आणि एवढ्यानंच चित्र किती सुधारतं बघा. त्याच प्रसारणाच्या तीन वेगवेगळ्या लोकांच्या टेप मिळाल्या तर त्या फ्रेमला फ्रेम जुळवून मधली किंमत घ्या, एका टेपवरचा ड्रॉपआउटचा, म्हणजे सिग्नल क्षणभर तुटल्याचा, पांढरा ओरखडा दुसऱ्या दोघींवर त्याच जागी नसतो, त्यामुळे तो आपोआप जातो आणि काहीही मनानं रंगवावं लागत नाही. माझ्या मते या छंदातलं सगळ्यात समाधानाचं काम हे. एचडी साइझला नेताना रंगाचं मॅट्रिक्स (रंग मोजायचं गणित, ६०१ जुन्या साइझचं आणि ७०९ एचडीचं) ६०१ चं ७०९ करायला विसरू नका, नाहीतर हिरवा आणि त्वचेचा रंग बदलतो.

सिनेमाच्या ग्रेनबद्दल, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांबद्दल, माझा आग्रह आहे, तो घाण नाही. ते चित्रच त्या कणांचं बनलंय, तो पूर्ण काढला की चेहरे मेणाचे होतात. एआय अपस्केलचं, म्हणजे एआयकडून चित्र मोठं करून घेण्याचं, पण तेच, जवळच्या चेहऱ्यावर भारी वाटतं, पण मागच्या गर्दीतली माणसं बघा, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघा, तिथे मशीननं स्वतःच्या मनानं काहीतरी घातलेलं दिसेल. बघायला आवडत असेल तर जरूर करा, फक्त फाइलच्या नावात तसं स्पष्ट लिहा आणि ती जपलेली प्रत म्हणून कुणाला देऊ नका.

रंगाच्या बाबतीत आपल्या डोळ्याला छान वाटतं म्हणून ठरवायचं नाही. पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंटमधले बाकीचे रंग उडून त्या गुलाबी-लाल पडतात, तर टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर (रंग थेट फिल्मवर छापलेल्या) प्रिंटचे रंग टिकतात, म्हणूनच ४के७७ वाल्यांनी टेक्निकलर प्रिंट धरली. तुमच्याकडे असा काही पुरावा नसेल तर कमीत कमी बदल करा.

कायद्याचं पण सांगते. टेप तुमची असली तरी त्यावरच्या सिनेमाचा कॉपीराइट तुमचा होत नाही, आणि नियम देशागणिक वेगळे आहेत, ते वाचा. चाहत्यांमध्ये पूर्वीपासून चालत आलेला रिवाज मला पटतो, केलेलं काम विकायचं नाही, आणि अधिकृत चांगली प्रत बाजारात असेल तर ती विकत घ्यायची. खरंच दुर्मिळ काही सापडलं तर फिल्म अर्काइव्हला किंवा ज्यांनी ते प्रसारित केलं त्यांना कळवा.

फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर, प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदलली का ते कळायचा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा तपासा. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल पाहिजेच: टेप कुठली, लेबलवर काय लिहिलंय, कुठल्या मशीनवर चालवली, कुठल्या वायरीनं, कुठलं कॅप्चर डिव्हाइस, काय सेटिंग, नंतर काय केलं. मध्ये येणाऱ्या जाहिराती, चॅनेलच्या घोषणा कापू नका, रेकॉर्डिंगची तारीख बऱ्याचदा त्यांच्यावरूनच सापडते, आणि कधीकधी सिनेमा दहा ठिकाणी मिळतो पण ती जाहिरात कुठेच नसते.

पहिली टेप म्हणून सगळ्यात मौल्यवान टेप काढू नका. विकत मिळायची तसली एखादी सिनेमाची कॅसेट घ्या, तिचीच डीव्हीडी पण शोधा, कॅप्चर करा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावा. रंग कुठे वेगळा, फ्रेम कुठे कापली, लांबी किती मिनिटांनी वेगळी, फील्ड कशा पडल्यात, हे सगळं स्वतः लिहून काढा, आणि मशीन टेप चावत नाही याची खात्री झाली की मग घरातली ती एकुलती एक टेप बाहेर काढा.