श्वास सोडताना आवळा, घेताना सैल सोडा

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला बसलेल्या बाईला ठसका लागला, की ती पदर नाकाला लावते आणि त्याच वेळी नकळत मांड्या एकमेकींवर दाबते. ही दुसरी हालचाल कोणी बोलून दाखवत नाही. खोकल्याच्या उबळीसरशी लघवी निसटू नये, यासाठी ती असते. परंतु हे काम मांड्यांचे नाही. ते ज्या स्नायूंचे आहे, ते ओटीपोटाच्या तळाशी, आत आहेत.

पुढे जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून, मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. पोटाच्या पोकळीचे छत म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, आणि तिचा तळ म्हणजे हे स्नायू. श्वास घेताना श्वासपटल खाली येते, पोटातील दाब किंचित वाढतो आणि तळही थोडा सैलावून खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही पुन्हा वर येतात. खोकताना मात्र पोटाचे स्नायू जोराने आकसून दाब एकाएकी वाढतो आणि तळ वेळेवर आवळला गेला नाही, तर लघवी निसटते. दमा, जुनाट खोकला किंवा चुलीच्या धुराने आलेला छातीचा विकार असलेल्यांच्या या स्नायूंवर असा ताण दिवसातून कितीतरी वेळा येतो.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो शिकताना आकडे मोजण्याआधी श्वासाकडे लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लघवी करून आल्यावर पाठीवर निजावे, गुडघे वाकवावेत, एक हात बरगड्यांवर आणि दुसरा बेंबीखाली ठेवावा. पाच-सहा श्वास नुसते घ्यावेत. बरगड्या बाजूंना फुलत असल्याचे हाताला कळले पाहिजे. मग चूल फुंकताना करतो तसा ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडावा आणि सोडता सोडता, चारचौघांत वायू अडवावा तशी मागची वाट आवळून, ते आवळणे पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणून, आत आणि वर ओढावे. पुढचा श्वास घेताना सगळे पूर्णपणे सैल सोडावे. हे सैल सोडणे बहुतेकांकडून राहून जाते, आणि कायम आवळलेला स्नायू ऐन वेळी आणखी आवळता येत नाही.

हे जमले की आवळलेली स्थिती तीन-चार सेकंदांपासून हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावी. तेवढा वेळ आकडे मोठ्याने मोजावेत; आवाज थांबला, तर श्वास कोंडला आहे असे समजावे. श्वास कोंडून आवळले, तर वरून येणारा दाब तळालाच खाली ढकलतो. नितंब, मांड्या आणि पोट ताठ करू नये. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने, हे प्रमाण पुरेसे आहे. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव मात्र करू नये, कारण त्याने मूत्राशय रिकामे होण्याची सवय बिघडू शकते.

या व्यायामाने दमा बरा होत नाही, फुप्फुसांची क्षमता वाढते असेही मी म्हणणार नाही; इनहेलर बंद करू नये. फायदा दुसरीकडे आहे. लघवी निसटण्याच्या भीतीने जी बाई अर्धवट खोकते, तिच्या छातीतला कफ तसाच राहतो. तळावर भरवसा आला, की ती मोकळेपणी खोकू शकते.

ओटीपोटात दुखत असेल, लघवी तुंबत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचे हे स्नायू मुळातच ताठरलेले असतात, त्यांना आवळण्याने त्रास वाढतो; त्यांना सैल करणेच शिकवावे लागते.

निजून जमल्यावर बसून, मग उभ्याने आणि शेवटी पथारीवर बसतो तसे उकिडवे बसून सराव करावा. ठसका येणार असे घशाला जाणवताच आधी आवळावे, मग खोकावे आणि खोकून झाल्यावर सोडावे. रावेर-यावलकडे केळीचा घड उचलतानाही हाच क्रम ठेवावा: आधी आवळावे, मग फुंकर घालत उचलावे. सुरुवातीला मुद्दाम हलके खोकून रोज चार-पाच वेळा हा क्रम गिरवावा, म्हणजे खरा ठसका येईल तेव्हा आठवावे लागणार नाही.