कंबर दुखतेय म्हणून योगा सुरू केलाय? मग आधी या चुका टाळा

कंबर धरली की आपल्याकडं सल्ले ठरलेलेच असतात. एकजण पट्टा लावायला सांगतो, दुसरा चोळून घे म्हणतो, आणि तिसरा हमखास म्हणतो, योगा कर की! यातला तिसरा सल्ला खरंतर चांगलाय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या गाईडलाईनमध्ये जुनाट कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी काय काय करून बघावं ते सांगितलंय, त्यात योगा आहे. पण गोची अशी होते की योगा म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही, मग मोबाईलवर 'कंबरदुखीसाठी पाच आसनं' लावायचं, पाचही झटक्यात करून टाकायची आणि आठवड्यानं सगळ्यांना सांगत फिरायचं की योगानं माझं वाढलं.

वाढतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं, आपली कंबर कशानं दुखते ते न बघता आसन निवडलेलं असतं.

दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. बसल्यावर, वाकून बूट घालताना, गाडीवरून सातारा-कोरेगाव केल्यावर, शिंक आल्यावर जास्त दुखतंय आणि जरा उभं राहिलं, चाललं की बरं वाटतंय, असं असेल तर पुढं वाकणं तुम्हाला मानवत नाहीये. अशा माणसानं पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन सध्या बाजूलाच ठेवायचं, मग व्हिडिओत काहीही सांगूदे. पालथं झोपून मकरासन, ते जमलं की पालथंच राहून छाती थोडी वर उचलायचं हलकं भुजंगासन, इथनं सुरुवात करायची. आता याच्या बरोबर उलटी माणसं पण असतात, विशेष करून साठीच्या पुढची. थोडं चाललं की कंबर आणि पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं झुकलं की आराम पडतो. यांना भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन हे सगळं मागं वाकायचं काम नको, त्यांना उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यायचं पवनमुक्तासन बरं पडतं. म्हणजे बघा, शेजारच्या काकूंना ज्यानं फरक पडला त्याच आसनानं तुम्हाला कळ येऊ शकते, आणि त्यात ना काकूंची चूक ना आसनाची. काहींना पुढं मागं दोन्हीकडं वाकलं तरी दुखतं, त्यांनी आधी हातागुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करायचं मार्जारासन, तेही दुखणार नाही एवढंच, आणि रोजचं चालणं.

पायात कळ जात असेल त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. आसन केल्यावर पोटरीतली कळ वर वर सरकून मांडीत, मग कंबरेत आली तर ते चांगलं लक्षण, कंबरेत थोडं जास्त जाणवलं तरी चालतंय. पण कंबरेतली कळ खाली पायात उतरायला लागली तर ते आसन तिथंच थांबवायचं, 'ताण बसतोय म्हणजे गुण येतोय' असलं काही मनाला समजवायचं नाही.

आता सूर्यनमस्कार. यावर बोललं की आपल्या सातारा जिल्ह्यात लोक रागावतात, कारण औंध आपलं, आणि औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रचार केला ते सगळ्यांना माहितीय. अभिमान पाहिजेच. पण हिशोब करा, एका नमस्कारात उभ्यानं पुढं वाकणं दोनदा येतं, म्हणजे बारा घातले की चोवीस वेळा वाकलात, ते पण गुडघे ताठ ठेवून आणि बरेचजण झटके देत. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण ज्याला वाकूनच दुखतंय त्याचं काय होणार? त्यात अंथरुणातनं उठल्या उठल्या घालायचे. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं त्यांना जड जातं. आधी जरा चाला, चहा घ्या, घरातली कामं उरका, मग चटई टाका. दुखणं पूर्ण थांबल्यावर नमस्कार परत सुरू करायला हरकत नाही, गुडघे थोडे वाकवून, दोन-तीनापासून.

भुजंगासनात कंबरेत टोचतं ही सगळ्यात कॉमन तक्रार. बघितलं तर माणूस हात ताठ करून वर ढकलत असतो, खांदे कानाला टेकलेत, नजर छताकडं, आणि सगळा दाब कंबरेच्या एकाच जागेवर. कोपरं वाकलेली आणि बरगडीला चिकटून ठेवा, बेंबी जमिनीला टेकलेलीच राहूदे, छाती चार बोटं उचलली तरी बास. तळहात क्षणभर जमिनीवरनं उचलून बघा, खाली पडलात तर समजा पाठ काम करत नव्हती, हातच करत होते. तरी टोचलं तर कोपरं टेकवून त्यावर नुसतं पडून राहा.

पोट कमी करायला म्हणून उताणं झोपून दोन्ही पाय ताठ उचलणं, हे कंबरदुखीत करूच नका, कंबर जमिनीवरनं उचलली जाते आणि सगळा भार तिच्यावर येतो. एक पाय वाकवून ठेवा, एकच उचला. शवासनात कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली लोड नाहीतर दोन उशा. आणि शवासन झाल्यावर सरळ ताडकन उठून बसू नका, आधी कुशीवर, मग हाताच्या आधारानं. श्वास कोंडून कुठलंच आसन करायचं नाही.

नुकतीच उसण भरलीय, कूस पण वळता येत नाही अशा वेळी आसनांच्या मागं लागू नका. पण आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून पण राहू नका, त्यानं आणखी आखडतं, घरातल्या घरात हिंडत राहायचं. पाळी गेलेल्या बायकांनी आणि हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टरांनी सांगितलेल्यांनी पाठीला बाक काढून जोरात वाकायचं आणि पिळायचं टाळावं, मणका दबायची भीती असते.

काही वेळा योगा बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे असतात. लघवी अडकणं किंवा लघवी-संडासवर ताबा न राहणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा, चप्पल पायातनं निसटायला लागणं, असं झालं तर त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही. पडल्यानंतर, तापाबरोबर किंवा वजन उतरत असताना दुखत असेल तरी दाखवून घ्या.

बाकी सकाळी वीस मिनिटं आसनं आणि मग दिवसभर काय? सांगलीत मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्यालाच कंबरेची काळजी पाहिजे असं नाही, बाथरूममधली भरलेली बादली वाकून, त्यात परत वळून उचलली तरी तेच होतं. बादली अर्धी भरा, जवळ ओढा, गुडघ्यात वाका. आणि फरक कधी पडणार म्हणाल तर योगा आणि कंबरदुखीवरच्या बऱ्याच अभ्यासांत लोकांना बारा आठवड्यांच्या आसपास करायला लावलेलं असतं, त्यामुळं निदान तीन महिने तरी धरून चाला, आठवड्यातनं चार-पाच दिवस झालं तरी पुष्कळ.