महापालिकेचं अनुदान हवंय? दिवाळी झाली की कामाला लागा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ज्येष्ठांच्या केंद्राचे हिशेब मी बघते. कितीतरी चांगल्या संस्था मार्चमध्ये अर्ज घेऊन खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात जातात, आणि तोवर वाटप ठरून गेलेलं असतं. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा आधी स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरफार सुचवते, मग महापालिकेची सभा मंजुरी देते. तुमचं काम मसुदा बनतानाच आयुक्तांच्या कानावर गेलं पाहिजे.

१९४९ च्या महापालिका अधिनियमातली कलमं ६३ आणि ६६ एकदा वाचाच. पाणी, गटारं, सफाई ही ६३ मधली बंधनकारक कामं. समाजकल्याणाचं बरंचसं ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक. पैशाची ओढाताण झाली की कात्री तिथेच लागते. म्हणून गेल्या वर्षाचं अंदाजपत्रक मिळवा. कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या खात्याखाली, किती तरतूद होती, प्रत्यक्षात खर्च किती झाला, ते बघा. रक्कम पडून राहिली असेल, तर त्या शीर्षाचं नाव घालूनच मागणी करा. 'यथाशक्ती मदत करावी' असं कधीही लिहू नका.

ट्रस्टची नोंदणी, पॅन, ऑडिट हे तर लागतंच. खरं वजन पडतं हजेरीच्या रजिस्टरचं. आमच्याकडे प्रत्येक नावापुढे वॉर्ड क्रमांक आणि सही किंवा अंगठा असतो. नगरसेवकाला त्यांच्याच वॉर्डातल्या आजी-आजोबांची पानं उघडून दाखवा. पैसे मिळाले की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, वेळेत द्या, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो.