संस्कृतच्या मधल्या टप्प्यावर श्लोक कसा वाचावा

दहावीला संस्कृत घेऊन उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षात एखादे काव्य मुळातून वाचायला बसतो, तेव्हा त्याची एक विचित्र अडचण होते. शब्दरूपे पाठ असतात, संधीचे नियम येत असतात आणि श्लोकातले निम्मे शब्द मराठीतही असल्यामुळे अर्थ जवळपास कळल्यासारखा वाटतो. पण वही उघडून लिहायला घेतले की कर्ता कोण, क्रियापद कोणते आणि हे लांबलचक विशेषण नेमके कोणाचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठामपणे देता येत नाही. मग हात आपोआप भाषांतराच्या पुस्तकाकडे जातो, भाषांतर पाठ होते, परीक्षाही पार पडते, आणि तिसऱ्या वर्षी नवा श्लोक समोर आला की विद्यार्थी होता तिथेच असतो. नागपुरात संस्कृत शिकताना मी स्वतः या फेऱ्यात जवळजवळ वर्षभर अडकले होते. त्यातून बाहेर पडण्याची जी रीत मला सापडली, ती इथे एकाच श्लोकाच्या आधारे सांगते.

श्लोक आपल्या शेजारचा आहे. रामटेक नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि कालिदासाच्या मेघदूताचा पहिला श्लोक ‘रामगिरी’च्या आश्रमांवर येऊन थांबतो:

कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः
शापेनास्तंगमितमहिमा वर्षभोग्येण भर्तुः ।
यक्षश्चक्रे जनकतनयास्नानपुण्योदकेषु
स्निग्धच्छायातरुषु वसतिं रामगिर्याश्रमेषु ॥

पहिल्या ओळीतच मराठी वाचकाची फसगत होते. ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’ याचा अर्थ मी एका चाचणीत ‘स्वतःच्या अधिकाराने उन्मत्त झालेला’ असा लिहिला होता, आणि तो मला इतका स्वाभाविक वाटला होता की शब्दकोश उघडण्याची गरजही भासली नाही. मराठीत अधिकार म्हणजे सत्ता आणि प्रमत्त म्हणजे माजलेला. संस्कृतात मात्र इथे अधिकार म्हणजे नेमून दिलेले काम आणि प्रमत्त म्हणजे गाफील राहिलेला. यक्षाने आपल्या कामात हयगय केली, एवढेच कवी सांगतो. माझी चूक विभक्तीनेच उघडी पाडायला हवी होती. ‘अधिकाराने’ म्हणायचे असते तर तृतीया आली असती. इथे पंचमी आहे, आणि जुगुप्सा, विराम व प्रमाद या अर्थाच्या शब्दांच्या योगे पंचमी होते असे वार्त्तिकच, म्हणजे व्याकरणातला पूरक नियमच, आहे. म्हणून पहिला नियम असा, की श्लोकातला जो शब्द मराठीत रोज वापरला जातो, तो सर्वांत आधी शब्दकोशात पाहावा. अनोळखी शब्द तुम्ही पाहणारच असता. धोका असतो तो ओळखीच्या शब्दांचा. याच श्लोकात ‘गुरु’ म्हणजे शिक्षक नाही, असह्य असा जड आहे. ‘स्निग्ध’ म्हणजे तेलकट नाही, दाट आहे. लिंगही असेच फसवते: वस्तू मराठीत स्त्रीलिंगी आणि संस्कृतात नपुंसकलिंगी, मित्र मराठीत पुल्लिंगी आणि संस्कृतात नपुंसकलिंगी.

शब्दकोश पाहण्याचीही एक सवय लावून घ्यावी लागते. वामन शिवराम आपटे यांच्या कोशात ‘महिमा’ शोधू नये, ‘महिमन्’ शोधावे, कारण तिथे प्रातिपदिक, म्हणजे विभक्ती लागण्यापूर्वीचे मूळ रूप, दिलेले असते. आणि ‘अवगच्छति’ हे रूप ‘गम्’ धातूखाली ‘अव’ या उपसर्गाजवळ सापडते. पहिले काही आठवडे यात फार वेळ जातो. तो जाऊ द्यावा, कारण प्रत्येक रूपाचे मूळ ओळखायला भाग पाडणारा दुसरा व्यायाम नाही.

आता अन्वय, म्हणजे पदांचा एकमेकांशी संबंध लावणे. पदच्छेद करून, म्हणजे संधी सोडवून पदे सुटी करून, झाल्यावर डावीकडून उजवीकडे अर्थ लावत जाण्याचा मोह होतो, आणि तिथेच श्लोक हातातून निसटतो. ‘कश्चित्’ पहिल्या चरणात असताना त्याचा ‘यक्षः’ तिसऱ्या चरणात बसलेला आहे. जुन्या पाठशाळांची खंडान्वयाची पद्धत इथे उपयोगी पडते: आधी क्रियापद धरायचे आणि त्यालाच प्रश्न विचारत जायचे. चक्रे, म्हणजे केले. हे ‘कृ’ धातूचे परोक्ष भूतकाळाचे, लिट् लकाराचे रूप. कोणी केले? यक्षाने. काय केले? वसतिम्, म्हणजे वस्ती. कुठे? रामगिर्याश्रमेषु. कशा आश्रमांत? सप्तमी बहुवचनात असलेली उरलेली दोन्ही पदे आपोआप इथे येऊन लागतात. यक्ष कसा? कश्चित्, स्वाधिकारात् प्रमत्तः आणि अस्तंगमितमहिमा. त्याचा महिमा कशाने मावळला? शापेन. कोणाच्या? भर्तुः, म्हणजे धन्याच्या. शाप कसा? कान्ताविरहगुरुणा आणि वर्षभोग्येण. एकही पद शिल्लक राहिले नाही, म्हणजे अन्वय बसला. एखादे पद उरले असेल तर अर्थ कितीही सुंदर लागलेला असला तरी तो चुकलेला आहे असे समजून पुन्हा क्रियापदापासून सुरुवात करावी. हे प्रश्न मनातल्या मनात विचारू नयेत, वहीत लिहावेत.

समासांचा विग्रह या प्रश्नांच्या ओघातच करावा. ‘अस्तंगमितमहिमा’ हे पद सुटे पाहिले तर ‘मावळलेला महिमा’ असा कर्मधारय वाटतो, पण तो यक्षाला लागतो हे अन्वयाने सांगितल्यावर ‘ज्याचा महिमा मावळवला गेला आहे असा’ हा बहुव्रीहीच उरतो. ‘जनकतनयास्नानपुण्योदकेषु’ हाही असाच: सीतेच्या स्नानांनी ज्यांतील पाणी पवित्र झाले आहे असे आश्रम.

या टप्प्यावर व्याकरणातले काय पाठ करावे याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. लिट् लकाराची सगळी रूपे घोकत बसू नये. चकार, चक्रे, जगाम, बभूव, उवाच, ददर्श यांसारखी तृतीय पुरुषाची रूपे ओळखता आली तरी पुष्कळ वाचता येते. वाचवलेला वेळ कृदन्तांना, म्हणजे धातूंपासून बनलेल्या विशेषणांना व अव्ययांना, द्यावा. क्त, क्तवतु, शतृ, शानच्, क्त्वा, ल्यप्, तुमुन् आणि तव्य एवढे प्रत्यय पक्के झाले, आणि त्यांच्यासोबत सति सप्तमी (‘अमुक झाले असता’ असा अर्थ देणारी रचना) समजली, की लांब वाक्यांची भीती बरीच कमी होते. मराठी माणसाला इथे एक मोठी अनुकूलता आहे, आणि तिची आपल्याला जाणीवच नसते. ‘रामेण फलं खादितम्’ हे वाक्य अनेकांना कठीण जाते, कारण क्रिया कर्मामागे चालते. आपण मात्र ‘रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ असे रोज बोलतो आणि क्रियापदाचे लिंग कर्माप्रमाणे बदलतो. ‘खादितम्’सारखे क्तान्त आले की मनात मराठी कर्मणी वाक्य उभे करावे.

वृत्तही कामाला येते. हा श्लोक मंदाक्रांता वृत्तात आहे. मंदाक्रांतेच्या चरणात सतरा अक्षरे असतात आणि चार, सहा व सात अक्षरांवर यती, म्हणजे विराम, येतो. ‘कश्चित्कान्ता, विरहगुरुणा, स्वाधिकारात्प्रमत्तः’ असे थांबत मोठ्याने म्हटले की पदे कुठे तुटतात हे कानालाच कळू लागते, आणि उतरवून घेताना अक्षर गळले असेल तर तेही सापडते. दहा-बारा श्लोक तरी चालीवर पाठ करावेत. बर्डी ते खापरी मेट्रोच्या प्रवासात हे सहज होते.

अन्वय स्वतः लिहून झाल्यावरच टीका, म्हणजे काव्यावरचे जुने संस्कृत स्पष्टीकरण, उघडावी. मेघदूताचा प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथ याने आपली भूमिका आरंभीच सांगितली आहे: ‘इहान्वयमुखेनैव सर्वं व्याख्यायते मया’. तो सगळे अन्वयाच्याच वाटेने समजावतो, म्हणून त्याची टीका भाषांतरापेक्षा कितीतरी जास्त शिकवते. आपला विग्रह त्याच्या विग्रहाशेजारी ठेवला की चूक नेमकी कुठे झाली ते दिसते. ‘प्रमत्तः’ला त्याने ‘अनवहितः’ असा प्रतिशब्द देऊन अमरकोशाचा आधार दिला आहे आणि वर सांगितलेले वार्त्तिकही तिथेच उद्धृत केले आहे. ती ओळ त्या चाचणीपूर्वी वाचली असती तर माझे उत्तर चुकले नसते. सुरुवातीला टीकेचे एक पान वाचायला दोन तास लागतात. दहा श्लोकांनंतर तिची ठरावीक भाषा परिचयाची होते आणि वेग वाढतो.

मात्र टीकाकाराचे सगळेच मान्य करावे असे नाही. मल्लिनाथ रामगिरी म्हणजे चित्रकूट असे सांगतो, आणि नागपूरचेच महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामगिरी म्हणजे रामटेक असे प्रतिपादन केले. दोन्ही बाजू मुळातून वाचाव्यात. त्याआधी दुसरा श्लोक घ्यावा, वरच्याप्रमाणे प्रश्न लिहून अन्वय लावावा आणि ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ या पदांवर थांबावे. काहींच्या मते तिथे ‘प्रशमदिवसे’, म्हणजे आषाढ संपतानाचा दिवस, असा पाठ, म्हणजे मूळ शब्द, आहे, आणि मल्लिनाथ तो नाकारतो. त्याची कारणे टीकेत वाचावीत, चौथ्या श्लोकातील ‘प्रत्यासन्ने नभसि’ (श्रावण जवळ आला असता) हे शब्द पुन्हा पाहावेत, आणि कोणता पाठ आपल्याला पटतो ते कारणांसह वहीत लिहावे.