२१ मार्चला शाळेत डाउन सिंड्रोम दिन करताय? या चुका टाळा

सगळ्यांत मोठी चूक परिपाठातच होते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला पुढे उभं करतात आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्याला कळतं. ते लाजतं, रडतं, कधी पळून जातं. मग शेरा ठरलेला, 'ऐकतच नाही.' त्यापेक्षा त्याला काम द्या. घंटा वाजवू दे, गाण्यात ताल धरू दे. त्याच्याविषयी मुलांना काही सांगायचं असेल, तर आधी आई-बाबांना विचारा. काहींना ते नको असतं.

दुसरा घोळ मोज्यांचा. या दिवशी दोन पायांत वेगवेगळे मोजे घालतात, कारण गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक धाग्यांचा, आकार मोज्यांसारखा दिसतो. हे सांगितलंच नाही, तर मुलांना ती फॅन्सी ड्रेसची गंमत वाटते. शिवाय जिथे निम्मा वर्ग चपला घालून येतो, तिथे मोजे कसले मागवताय? फळ्यावर गुणसूत्रांच्या २३ जोड्या काढा आणि २१व्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं काढा. डाउन सिंड्रोम म्हणजे हेच. २१व्याच्या तीन प्रती, म्हणून तारीख २१/३. चौथीच्या मुलांना एवढं पुरतं. हा संसर्ग नाही, एकत्र डबा खाल्ल्यानं काही होत नाही, हेही स्पष्ट सांगा.

मूल सूचना पाळत नसेल, तर आधी स्वतःच्या सूचना तपासा. 'वही काढ, तारीख लिही, मग रांगेत ये' हे एका दमात सांगितलं की तिथेच गाडी अडते. या मुलांमध्ये ऐकू कमी येणं बरंच आढळतं, त्यामुळे कान तपासले आहेत का ते विचारा. बहुतेकांना समजतं जास्त, बोलता येतं कमी. एका वेळी एकच गोष्ट सांगा, चित्र दाखवा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

खेळात कोलांटउडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, म्हणून धावण्याआधीही घरी विचारलेलं बरं.

'देवाचं लेकरू' म्हणून सगळं माफ करणंही चुकीचंच. ढकललं तर इतरांसारखंच त्यालाही रागवा.

आणि सहलीला 'याला घरीच राहू दे' म्हणू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळेनं खेळ आणि करमणुकीची संधीही बरोबरीनं द्यायची असते. सोबतीला कोण येणार हे आई-बाबांशी बोलून ठरवा, पण यादीत त्याचं नाव आधी लिहा.