ओव्हरराइडच्या मतदानाआधी: मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या लोकांसाठी तयारीची यादी

शाळांचं बजेट पुढच्या वर्षी पुरणार नाही, अशी कुजबुज गावात साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मग ओव्हरराइडची, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सची कायद्याने ठरलेली मर्यादा मतदानाने वाढवून घेण्याची, गोष्ट निघते. तयारीलाही तेव्हाच लागा. मार्चमध्ये अंगणाअंगणांत पाट्या दिसू लागल्यावर धावपळ केली, तर बरंच काही हातातून गेलेलं असतं.

आधी कायदा समजून घ्या, कारण शेजारी पहिला प्रश्न त्यावरच विचारतात. नोव्हेंबर १९८० मध्ये इथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन टू अँड अ हाफ’ मंजूर केलं. तेव्हापासून टाउनला प्रॉपर्टी टॅक्सच्या एकूण वसुलीची मर्यादा वर्षाला अडीच टक्क्यांनीच वाढवता येते. नव्या बांधकामावरचा कर तेवढा वेगळा धरतात. हे बंधन गावाच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या-माझ्या बिलावर नाही. एकट्याचं बिल अडीच टक्क्यांहून जास्त वाढू शकतं आणि त्यावरून फार गैरसमज होतात. खर्चाचं म्हणाल, तर कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचे हप्ते आणि विशेष शिक्षणासाठी बाहेरच्या शाळांत पाठवलेल्या मुलांची फी अडीच टक्क्यांवर थांबत नाही. गाव उधळपट्टी करत नसलं तरी तूट येते ती इथून.

मग मतपत्रिकेवर नेमकं काय येणार, ते विचारा. ओव्हरराइड मंजूर झाला की वसुलीची मर्यादा कायमची वर जाते. शाळेची इमारत बांधायची असेल तर बहुधा डेट एक्सक्लूजन, म्हणजे कर्जाचे हप्ते मर्यादेबाहेर ठेवणं, असतं. त्याचा भार कर्ज फिटेपर्यंतच. कधी शाळा, अग्निशमन दल आणि वाचनालय यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवतात. कधी एकाच कामासाठी लहान-मोठ्या रकमांचे दोन-तीन प्रश्न असतात आणि मंजूर झालेल्यांतली सर्वांत मोठी रक्कम लागू होते. ओव्हरराइडचा प्रश्न सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणता येत नाही. टाउनमध्ये तो अधिकार सिलेक्ट बोर्डाचा, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाचा. प्रश्नाचा मजकूर निवडणुकीच्या ३५ दिवस आधी टाउन क्लार्ककडे पोचावा लागतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या बोर्डाच्या आणि स्कूल कमिटीच्या बैठकांना जाऊन बसा. तिथे येऊन बोललेली दहा माणसंही मोजली जातात.

आता आकडा. सगळ्यात जास्त मेहनत यावर घ्या. समजा, ५० लाख डॉलरचा ओव्हरराइड आहे आणि गावातल्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५०० कोटी डॉलर आहे. म्हणजे दर हजार डॉलरमागे एक डॉलर वाढ. सहा लाखांच्या घराला वर्षाला ६०० डॉलर, आणि ते दर वर्षी. आपल्या गावाचं हे गणित असेसरच्या (मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या) कार्यालयाकडून तपासून घ्या, एका कागदावर मांडा आणि खिशात ठेवा. ‘रोजच्या एका कॉफीइतकं’ असं कुणाला सांगू नका. ज्यांचं घर पेन्शनवर चालतं, त्यांना सहाशे म्हणजे सहाशेच असतात.

मागच्या खेपेला मी शेजारच्या आजींकडे गेले होते. त्यांची तिन्ही मुलं याच शाळांतून शिकलेली. त्या म्हणाल्या, “तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनी कर भरला, ते मी विसरले नाही. पण हे बिल मी कशातून भरू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. राज्याच्या आयकरात ६५ वर्षांवरच्यांसाठी ‘सर्किट ब्रेकर’ सवलत आहे. उत्पन्नाच्या आणि घराच्या किमतीच्या अटीत बसलं तर ती मिळते. बऱ्याच गावांत ६० वर्षांवरच्यांना टाउनची थोडी कामं करून कर कमी करून घेता येतो. ही माहिती पत्रकाच्या पहिल्याच पानावर छापा आणि ज्येष्ठांकडे सगळ्यात आधी जा.

पैसे जमवण्याआधी प्रचाराची समिती रीतसर नोंदवा आणि खजिनदार नेमा. टाउनचा पैसा, शाळेचा ईमेल किंवा मुलांच्या दप्तरातून पाठवलेली प्रचाराची चिठ्ठी यांतलं काहीही चालत नाही. मतदानाच्या प्रश्नावर सरकारी पैसा खर्च करता येणार नाही, हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बॉस्टनबाबतचा निकाल आहे. भोळेपणाने केलेल्या चुकीमुळेही सगळी मोहीम बदनाम होते.

आपल्यांपैकी पुष्कळ जण या गावात शाळांसाठी घर घेऊन आले. त्यांतल्या एच-१बी आणि ग्रीन कार्डवाल्यांना पूर्ण कर भरूनही मत नाही. त्यांनी मागे राहू नये. शेजाऱ्यांशी बोलणं, पाटी धरणं, आजी-आजोबांना गाडीने मतदान केंद्रावर नेणं, हे सगळं त्यांना करता येतं. टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावाचं बजेट मंजूर करणाऱ्या सभेत, बोलायचं असेल तर सभा चालवणाऱ्या मॉडरेटरना आधी विचारा. जे नागरिक आहेत त्यांनी घर बदलल्यावर मतदार यादीतला पत्ता बदलला का, ते पाहावं. नोंदणी दहा दिवस आधी बंद होते. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला हौसेने जाणारी आपली मंडळी वसंतातल्या गावच्या मतदानाला घरी राहतात आणि इथे निकाल थोडक्या मतांनी लागू शकतो. टपालाने मत देता येईल का, तेही क्लार्ककडे विचारून घ्या.

नुसती मतपत्रिका जिंकून भागत नाही, खर्चाला टाउन मीटिंगचीही मंजुरी लागते. सभा रात्री उशिरापर्यंत चालते आणि लहान मुलांचे आईबाप नेमके मधेच उठून जातात. त्या रात्री कोणाची मुलं कोणाच्या घरी झोपतील, ते आठवडाभर आधी ठरवा. डबे वाटून घ्या. मतदानाच्या दिवशी पाट्या घेऊन केंद्राच्या दारापासून दीडशे फूट लांब उभे राहा.

एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा: १५ जून. कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी घेणार नसतील, तर तसं लेखी त्या दिवसापर्यंत कळवावं लागतं. निकाल त्याआधी कळला नाही, तर शाळेला अंदाजाने चिठ्ठ्या द्याव्या लागतात. म्हणून मतदान त्याच्या पुरेसं आधी ठेवा, असं सिलेक्ट बोर्डाला जानेवारीतच सांगा.