अंदाज सोडा, वजनकाटा घ्या: नव्या देशात अन्न टिकवताना

नव्या देशात बिऱ्हाड मांडलं की स्वयंपाकघरात पहिली फसगत होते ती हाताच्या अंदाजाची. किती मीठ, किती ऊन, किती दिवस हे हाताला ठाऊक असतं, पण जुन्या हवेच्या हिशेबानं. हवा बदलली, मिठाचा दाणा बदलला की तो हिशेब चुकतो. म्हणून हौसेच्या बरण्यांआधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणि तारखा लिहायला चिकटपट्टी घ्या.

फ्रिजच्या चकतीवरचे 1 ते 5 आकडे म्हणजे तापमान नव्हे. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी 4 अंश किंवा त्याखाली दिसलं पाहिजे, फ्रीझरमध्ये उणे 18. जंतू झपाट्यानं वाढतात ते 5 ते 60 अंशांच्या पट्ट्यात, आणि हीटर लावलेलं स्वयंपाकघर नेमकं त्यातच येतं. त्यामुळे शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. पसरट डब्यांत जेमतेम 5 सेंमी थर करून ठेवा. भाताच्या बाबतीत तर हयगय नकोच. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बाहेर थंडी आहे म्हणून पातेलं गॅलरीत ठेवायचा मोह होतो, पण दुपारच्या उन्हात तिथलं तापमान कुठे जातं ते कोणी बघत नाही.

फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. भाजीतली विकरं (एन्झाइम) मात्र थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-चव घालवतात, म्हणून आधी उकळत्या पाण्यातून काढायची: चिरलेली फरसबी 3 मिनिटं, मटार दीड मिनिट. मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. नीट कोरडी करून ताटात सुटी गोठवा आणि मगच पिशवीत भरा, नाहीतर एकच ढेकूळ होतं. हवा राहिली तर पांढरे कोरडे चट्टे पडतात. खाल्लं तर अपाय नाही, पण चव चोथ्यासारखी. वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर साधारण 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24, आणि फ्रिज फक्त 4.

मिठात आंबवणं सर्वांत स्वस्त, आणि सर्वाधिक बिघडतं ते चमच्यामुळे. जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा बराच हलका भरतो. बारीक चिरलेल्या 1 किलो कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ, तेही काट्यावर मोजून. कमी पडलं तर कोबी बुळबुळीत होतो, फार झालं तर आंबवणारे जंतूच मंदावतात. पाणी सुटेपर्यंत चोळा, बरणीत दाबून भरा आणि वर वजन ठेवा. कोबी पूर्णपणे त्या पाण्याखाली राहिला पाहिजे. 18 ते 22 अंशांत तीन-चार आठवडे लागतात. पहिले आठ दिवस झाकण रोज किंचित सैल करून वायू सोडा. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. लव असलेली हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका, वरचा थर काढून भागत नाही.

व्हिनेगरच्या लोणच्याला लेबलवर 5 टक्के आम्लता लिहिलेलंच व्हिनेगर घ्या, सफाईचं नको, आणि त्यात त्याच्याइतक्याहून जास्त पाणी घालू नका.

हवाबंद बाटल्यांचा नाद मात्र जपून. बॉट्युलिझम म्हणजे अन्नातल्या एका जंतूच्या विषानं होणारी जीवघेणी विषबाधा. त्या जंतूला हवा नको असते आणि त्याचे बीजाणू 100 अंशांत मरत नाहीत. ‘झाकण घट्ट बसलं, आता काळजी नाही’ हा समज इथे उलटा पडतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली असलेले आंबट पदार्थच उकळत्या पाण्यात बाटलीबंद करावेत. टोमॅटो काठावर असतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीला विकतचा बाटलीबंद लिंबूरस 15 मिलि घाला. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो. भाज्या, कडधान्यं, मांस यांना बाटल्या दाबाखाली तापवणारा खास प्रेशर कॅनरच लागतो. घरचा कुकर त्याला पर्याय नाही, तो फार लवकर तापतो आणि लवकर निवतो. कॅनर नसेल तर सरळ गोठवा. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही याच जातीचा: फ्रिजमध्ये ठेवून 4 दिवसांत संपवा. वासावरून बॉट्युलिझमचं विष कळत नाही.

वाळवायला दमट हवेत ऊन पुरत नाही. 5 मिमी चकत्या ओव्हनमध्ये 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवा. घाईनं आच वाढवली तर वरून कवच धरतं आणि ओल आत अडकते. निवल्यावर पारदर्शक बरणी दोन-तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेवर दव दिसलं तर परत ओव्हनमध्ये.

बऱ्याच देशांत पाकिटावर दोन तऱ्हेच्या तारखा असतात. एक दर्जाची: ती उलटली तरी पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो. दुसरी सुरक्षिततेची, मांस-मासळीसारख्या नाशवंत मालावर: ती उलटली की वास न घेता टाका. गोठवायचं असेल तर या दुसऱ्या तारखेच्या आत, आणि पुढे वितळवायचं तेही फ्रिजमध्येच.